समैस्माच्या पुढचा ड्रम

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
१० फेब्रुवारी २०१९

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. लतावहिनींनाही सांग. आम्ही दोघं मजेत. शोभाचे गुडघे मात्र जिना दिसला की रुसतात.

वर्ल्ड कपसाठी अख्खं शहर खणून ठेवलंय. परवा नातीला, ओवीला, नव्या रस्त्याने उत्तर टोकाच्या अल रुवैस बंदराला नेलं. म्हटलं, "आमची जुनी वाट इथूनच जायची. आधी कोळ्यांची कुटुंबं उंटांवर बिऱ्हाड लादून उत्तरेला वसायला गेली ती याच वाटेने. मग आमच्या लॉऱ्या. बर्फ न्यायचा, मासे आणायचे. खुणेला चुना फासलेले ड्रम."

"डिड एनीबडी गेट लॉस्ट, आजोबा?"

"एक जण," मी म्हणालो.

येत्या २२ तारखेला इथल्या मराठी मंडळात त्या वाटेवर माझं भाषण आहे. लॉरीचा ड्रायव्हर म्हणून आलेल्या माणसाचे आज चाळीस ट्रेलर पळतात. छाती फुगते, खोटं कशाला बोलू? तिथे पहिले ड्रम मांडले ते आपण दोघांनी, याने तर जास्तच.

आपला नियम आठवतो ना? पाऊस पडला की सबखाची खारी जमीन फसवी. वर मिठाची पापडी, खाली चिखल. पहिल्या लॉरीवाल्याने उतरून ड्रम कोरड्या अंगाला सरकवायचा, कारण मागचा त्याच्याच भरवशावर येतो.

माझे कान तिखट, असं तूच म्हणायचास. सत्त्याहत्तरच्या पावसानंतर, समैस्मा गावाच्या पुढे, चाकाखालचा आवाज बदलला. करकर थांबून चपचप सुरू झाली. मी ऐकलं, अनंता. बर्फ वितळेल म्हणून उतरलो नाही. परतताना सरकवू म्हटलं.

दुपारी तू आलास. लॉरी रुतली, कलंडली. मॅनेजरने विचारलं तेव्हा "अनंता वाट चुकला" हे मीच बोललो. आठवड्यात तुला विमानात बसवलं. निफाडपर्यंत 'वाट चुकलेला' हेच नाव तुझ्यामागे आलं, हे माझ्या कानावर येत राहिलं.

भाषणाचं पहिलं वाक्य लिहिलंय: "अनंतराव खैरनार या वाटेवर कधीच चुकले नाहीत, चुकलो मी." शोभाला वाचून दाखवलं. म्हणाली, "एवढ्या एका ओळीला बेचाळीस वर्षं?"

मंडळाच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून ऑफिसातला कुशल नाशिकला येतोय त्याच्या हाती पत्र देतोय. शिव्या द्यायच्या तर त्याच्याजवळ लिहून दे. मी त्याही वाचेन.

त्या दिवशी तुझ्या पुढे असलेला,
सदानंद