डाव्या बाजूची सीट

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उल्हासनगरला गेलो. कॅम्प १, लच्छूचं गॅरेज. सु.ला जाऊन आज एकोणीस दिवस.

मुक्ता आईचे दिवसवार उरकून काल पुण्याला परत गेली. रिक्षात बसताना म्हणाली, "बाबा, आईच्या ट्रकचं काम आधी थांबवा. आहे तसा भंगारात द्या. तुम्हाला तर चालवताही येत नाही." तेच सांगायला गेलो होतो.

लच्छू चासीखाली होता. बाहेर येऊन हात पुसले. "बैठो साईं. मॅडम नाय आली?"

"तिला बरं नाही," म्हणालो.

का म्हणालो माहीत नाही. तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं असतं. चहा आला. प्यायलो, निघालो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रकचं एकदा लिहून ठेवतो, नाहीतर मलाच आठवणार नाही.

सु.च्या वडिलांचा. वांगणीहून भाजी आणि गवताचे भारे न्यायचा. मग तीसेक वर्षं तिथल्याच त्यांच्या जागेत, विहिरीजवळ उभा. पत्रा कुजून हौद्यातून उंबर वर आलेला. फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाल्यावर सु.ने उंबर कापून तो बाहेर काढला. हॉट रॉड करणार म्हणाली. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. छत कापून बुटकं करायचं, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं, चासी जमिनीलगत आणायची, मागची चाकं रुंद. रस्त्यावर काढता येणार नाही. वांगणीच्या जागेतच फिरवायचा.

"कशासाठी पण?" मी विचारलं होतं.

"माझ्यासाठी."

ड्रॉइंगही तसंच. सीट एकच, ड्रायव्हरची.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी लच्छूचा फोन. छत अजून खाली घ्यायचं, वेल्डिंग तोडावं लागेल, दोन दिवस जास्त जातील. मी विचारलं, कोणी सांगितलं.

"मॅडमने. काल आली होती ना. तब्येत बरी वाटली."

"कोण आली होती?"

"मॅडम, साईं. तुमची मॅडम."

फोन ठेवला. त्याच्याकडे दहा गिऱ्हाइकं येतात, दुसरी कोणी असेल. सु.चा फोन कपाटात आहे. बंद. काढून बघितला, परत ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आलो. केबिनच्या चारही खांबांवर खडूच्या खुणा. बाण, रेघा, आकडे. आकडे मिलिमीटरमध्ये. सु.च्या इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ असते. इथेही होती. तीन ठिकाणी.

लच्छूला म्हणालो, हे तू जुन्या ड्रॉइंगवरून उतरवलंस.

तो हसला. "मी इंच-सूतवाला माणूस साईं. मिलिमीटरसाठी टेप उलटी करून बघावी लागते. हे मॅडमचं काम आहे. माझं डोकं खाते ती मिलिमीटरने."

"काही बोलली?"

"मॅडम कधी बोलते जास्त? मी बोललो, साब आले होते रविवारला. मान हलवली. चहा पण नाय घेतला." मग माझ्याकडे बघून, "नवरा तुम्ही, नि विचारता मला? भांडण झालं काय?"

नाही म्हणालो.

घरी ड्रॉइंग काढून ताडून पाहिलं. खांबांची मापं ड्रॉइंगपेक्षा कमी आहेत. ही नवी मापं आहेत.

५ मार्च, बुधवार

बुधवारी येते असं लच्छू म्हणतो. म्हणून अकराला जाऊन बसलो. समोर रेक्झिनचं दुकान, त्यांच्या बाकावर. पाचपर्यंत कोणी आलं नाही. म्हणजे पुष्कळ लोक आले. ती नाही.

बरं वाटलं आणि वाटलं नाही.

६ मार्च, गुरुवार

लच्छूचा फोन. "काल तुमची रिक्षा वळली नि मॅडम आली. दोन मिनिटं थांबला असता."

संध्याकाळी मुक्ताचा फोन. सांगितलंत का. सांगतो म्हणालो. "बाबा, एक वाक्य आहे फक्त. त्यात अवघड काय आहे? नाहीतर मी करते फोन त्यांना."

नको म्हणालो. जरा जोरातच.

एक वाक्य आहे हे खरं. पण ते सांगितलं की बुधवार संपतील. लच्छू म्हणेल, मग चूक झाली, दुसरी कोणी बाई असेल. हे मी मुक्ताला सांगू शकत नाही. इथे लिहितो आहे तेवढंच.

१६ मार्च, रविवार

छत बसवलं. ट्रक आता ओळखू येत नाही. काच जेमतेम वीतभर उंच. खाली वाकलेल्या जनावरासारखा दिसतो, पण ते सु.ला आवडलं असतं.

केबिनच्या तळाच्या पत्र्यावर, डाव्या बाजूला, नवा खडूचा चौकोन. चार बोल्टांच्या जागा फुल्या मारून.

"हे काय?"

"दुसरी सीट. मॅडम बोलली डाव्या साइडला एक पाहिजे."

चौकोनापासून पुढच्या पत्र्यापर्यंत बाण, त्यावर ७३०. मी म्हणालो, एवढी जागा कशाला, साडेसहाशे पुष्कळ झाली. लच्छू म्हणाला, मी पण तेच बोललो, मॅडमने पुसू दिलं नाय.

घरी येऊन खुर्चीत बसलो, उजवा पाय लांब केला. ऑपरेशननंतर तो गुडघा पुरता वाकत नाही. सु.ची टेप घेऊन मोजलं. बुटासकट ७२८.

लच्छूने मला लंगडताना पाहिलेलं आहे. पण मोजलेलं नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नाही. शेजारच्या वहिनी श्रीखंड देऊन गेल्या, "तुमच्याकडे यंदा नाही ना करायचं." थोडं खाल्लं.

बत्तीस वर्षांत सु. मला कुठे चल म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. ती तिच्या कामाला, मी लॅबला. आमचं बरं चाललं होतं. मग आता माझी सीट कशाला?

आज पहिल्यांदा भीती वाटली.

१० एप्रिल, गुरुवार

लच्छूचा फोन. सीटना कोणतं रेक्झिन. मी म्हणालो, मॅडमना विचार. आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं.

"विचारलं. चॉकलेटी. दोन्ही सेम." मग म्हणाला, "मी बोललो, साब तर गाडी चालवत नाय, दुसरी सीट कशाला. तर मॅडम बोलली, चालवायचं नाय, साबला फक्त बसायचंय."

जेवण केलं नाही. रविवारी सांगून टाकायचं. मग होईल ते होईल.

१३ एप्रिल, रविवार

सांगितलं.

लच्छू मडगार्ड घासत होता. शेजारी स्टूल ओढून बसलो. म्हणालो, "लच्छू, एक सांगायचं राहिलं. मॅडम जानेवारीतच गेल्या."

त्याने हातातला कागद खाली ठेवला. "माहीत आहे साईं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्या डोक्याचे केस काढलेले होते. ते कशाला काढतात, आम्हाला कळत नाय काय?"

मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला होता. डोक्यावर टोपीसुद्धा न घालता त्याच्यासमोर बसून मी म्हणालो होतो, तिला बरं नाही. लोकांना डोकं दिसतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलले बरं नाय. आता मी काय बोलू, साब खोटं बोलता?"

"म्हणून ती येते असं सांगत होतास? माझं मन राखायला?"

तो उठून उभा राहिला. इतकं चिडलेलं मी त्याला पाहिलं नव्हतं. "आईची शपथ साईं, असला धंदा मी करत नाय. येते म्हणून सांगितलं. पहिल्या टायमाला आली, नंतर दोन दिवस गॅरेज उघडलं नाय. मग बघितलं, ती कामाचंच बोलते. कामाचं बोलणाऱ्या माणसाला काय घाबरायचं?"

समोर रेक्झिनवाला गाणी लावून बसला होता.

लच्छू पुन्हा खाली बसला. हळू म्हणाला, "तुम्ही बोला, आज काम बंद. डावी सीट उखडून देतो. भंगारवाला कोपऱ्यावरच आहे. बोला."

केबिनमध्ये पाहिलं. डाव्या सीटवर अजून प्लास्टिक होतं.

"राहू दे," म्हणालो.

२ मे, शुक्रवार

तीन बुधवार गेले, लच्छूचा फोन नाही. मी केला. काम चालू आहे म्हणाला. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. शेवटी मीच, "कोणी आलं होतं?"

"नाय साईं."

सांगून मीच तिला थांबवलं.

८ मे, गुरुवार

मुक्ताला सांगितलं की लच्छूला सांगून झालं. "बरं केलंत बाबा. मोकळं वाटलं ना?" हो म्हणालो.

ट्रकचं विचारलं. वांगणीला नेऊन ठेवतो म्हणालो. ती म्हणाली, "ठेवा. आईची आठवण म्हणून." माझ्या सीटचं सांगितलं नाही.

१५ मे, गुरुवार

सकाळी आठला लच्छूचा फोन. "साईं, काम संपलं. रविवारी वांगणीला आणतो."

"रंगाला आठ दिवस लागतील म्हणाला होतास."

"रंग नाय मारायचा. घासलेल्या पत्र्यावर तेल मारून ठेवायचं, गंज दिसू द्यायचा. काल सांगितलं."

कोणी, ते मी विचारलं नाही. काल बुधवार होता.

बराच वेळ खिडकीत उभा राहिलो. भीती होतीच. पण आनंदही झाला, तो कोणाला सांगण्यासारखा नाही.

१८ मे, रविवार

नऊच्या गाडीने वांगणी. लच्छू अकराला आला, ट्रक मोठ्या टेम्पोवर दोरांनी बांधून. फळ्या लावून उतरवला. विहिरीच्या अलीकडे सपाट जागा आहे तिथे उभा केला. बाजूच्या नव्या इमारतींतून लोक गॅलरीत येऊन बघत होते. एकाने वरून ओरडून विचारलं, "काका, शूटिंग आहे काय?"

लच्छूने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. आवाज छातीत बसला. बगळे उडाले. मिनिटभर चालू ठेवून बंद केला. आत बसला नाही.

"बसून एक चक्कर मार ना. मला तर चालवता येत नाही."

"ती सीट माझी नाय साईं." चावी आतच ठेवली. माझ्याकडे दिली नाही. पाण्याची बाटली घेतली, निम्मी प्यायला, निघाला. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा गॅलरीतलेही आत गेले होते.

जेवणाचा डबा खाल्ला. मग डाव्या दाराने आत बसलो. पाय लांब केला. पुढच्या पत्र्याला बूट लागला नाही, दोनच मिलिमीटर राहिले असतील. छत इतकं खाली की समोर फक्त बांध दिसतो आणि त्यामागे थोडं आभाळ. गरम होत होतं. तरी बसलो. किती वेळ ते घड्याळात पाहिलं नाही. उजवीकडेही पाहिलं नाही.

इंजिन गार होताना टिकटिक करतं, तसा आवाज येत होता. इंजिन बंद करून दोन तास होऊन गेले होते.

चारला उतरलो. दार हळू लावलं. ताडपत्री एकट्याने टाकायला त्रास झाला, वारा होता. पुढून बांधली, मागून बांधली, डावीकडून बांधली. उजवी बाजू, ड्रायव्हरच्या दाराची, तशीच मोकळी ठेवली. मग स्टेशनवर आलो.