तारीखवार तक्ता

वर्तकनगर, ठाणे
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मायाताई,

घरातल्या सगळ्यांचा जय भीम, आईचा दोनदा. तिचे गुडघे बरे आहेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. फाडायचं असेल तर वाचून फाड.

ताई, काल आम्ही जिंकलो. हेमाला तिची सान्वी परत मिळाली.

हेमा आमच्या महिला मदत केंद्रात आलेली बाई. नवऱ्याने मारून बाहेर काढलं, मुलगी ठेवून घेतली. आमची रीत अशी, की बाईकडून हकीकत तीनदा ऐकायची, तारीखवार तक्ता भरायचा आणि जुळत नाही तिथे लाल गोल करायचा. हेमाचा तक्ता लालेलाल. नवऱ्याचा वकील तोच कागद नाचवत होता.

दोन वर्षं मी मेंदूतज्ज्ञ रचना मॅडमबरोबर अशा बायकांचा अभ्यास करतेय. झोप नोंदवायची, ताण मोजायला लाळ तपासायची. ऑफिसात मला थुंकीवाली म्हणतात, म्हणू देत. घाबरलेला मेंदू वास, आवाज घट्ट धरून ठेवतो; आधी काय, नंतर काय, हे मात्र विस्कटतं. क्रम चुकला म्हणून बाई खोटी ठरत नाही.

मुलीचा ताबा ठरवणाऱ्या समितीपुढे मी हेच मांडलं आणि म्हटलं, तारखा सोडा, तिला काय आठवतं ते विचारा. हेमा म्हणाली, "दूध करपलेलं. तो वास अजून जात नाही." तिन्ही वेळा तिने हेच सांगितलेलं, फक्त तक्त्यात वासाला रकानाच नव्हता. शेजारणीने सांगितलं, हेमाला बाहेर काढलं त्या दुपारी करपलेल्या दुधाखालचा गॅस आपणच बंद केलेला. निकाल लागला. संध्याकाळीच आमच्या संस्थेच्या सगळ्या केंद्रांतून तक्ता हद्दपार झाला. खोपटला जाऊन मी दोन प्लेट मिसळ खाल्ली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. नऊ वर्षांपूर्वी तू मार खाऊन माहेरी आलीस, तेव्हा मी समाजकार्य शिकत होते. नवी नवी अक्कल. तुझ्यासमोर वही उघडली. तू आधी पट्ट्याचं सांगितलंस, मग जिन्याचं; दुसऱ्या दिवशी उलटं. मी आईला म्हटलं, "ती दर वेळी वेगळं सांगते." माझ्या शब्दावर तिने तुला परत पाठवलं. पुढे तू स्वतःच तिथून निघालीस, टिटवाळ्याला एकटी राहिलीस, आमच्याकडे आली नाहीस.

तू खरं बोलत होतीस. काल घरी येऊन मी हे आईला सांगितलं, चांगलं मोठ्याने. आज सकाळी उठून बघते तर टिटवाळ्याला तुझ्याकडे यायला तिने साडी काढून ठेवलेली.

रविवारी आम्ही दोघी येतोय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्यावर विश्वास ठेवणारी, नऊ वर्षं उशिरा,
स्वप्ना