मेजावरची पांढरी चादर

प्रिय रूथताई,

सदर भागातल्या आपल्या जुन्या घरी शनिवारी आपण दोघी दोन टोकं धरून चर्चच्या मेजाची पांढरी चादर झटकायचो, आठवतं? प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा डाग राहिलेला दिसला की मी रडकुंडीला यायचे. आई हसायची. "देवाच्या कामाले लागली तं डाग पडनच वं. धुवाचं अन् पुन्हा अंथराचं."

मी मात्र पवित्र म्हणजे डाग न पडलेलं, असंच धरून बसले. आई गेल्यावर चादर कपाटात ठेवली आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मीही त्या चादरीसारखीच घडी होऊन घरात राहिले. हल्ली पहाटे अर्धवट झोपेत ती दोरीवर वाऱ्याने फुगलेली दिसते. मागे आईचं हसू ऐकू येतं.

सोमवारी मी मेळघाटातल्या मुलींच्या वसतिगृहात राहायला जातेय. तिथे शिकवायला कुणी टिकत नाही. तू अडवशील आणि मी थांबेन, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. चादर कपाटातून काढून तिच्यावर ठेवून जातेय; घराची किल्ली तुझ्याकडे आहेच.

काचेची भांडी तुझ्या मिनलला दे. शिलाई मशीन शेजारच्या कामिनीला. चादर चर्चला दे, मेजावर अंथरायला, आणि कुणी म्हणालं, "आठवण म्हणून जपून ठेवतो", तर परत घे.

तुझीच,
प्रेमा