प्रीतीला शाळेतून काढायचं नाही

कात्रप, बदलापूर
मार्च २००६

नरेंद्रा,

जय भीम. परीक्षा न घेणाऱ्या शाळेतून प्रीतीला जूनमध्ये काढायचं, असं तू पुण्याहून फोनवर सांगितलंस. मला लिहिता येत नाही, म्हणून माझं उत्तर तुझी लेकच लिहिते आहे. अक्षर तिचं, टोमणे माझे.

परवा मी तिच्या वर्गात जाऊन बसले. एका पोराने विचारलं, "ताई, मुंग्या झोपतात का?" त्यांच्या शीलाताई म्हणाल्या, "मला नाही माहीत. कसं शोधू या?" झालं, ताईंसकट अख्खा वर्ग भिंतीपाशी मुंग्या बघत उकिडवा बसला. मनात म्हटलं, फी घेऊन हे शिकवतात होय? पण एकही पोर घाबरलेलं दिसेना. तू तिच्या वयाचा असताना मास्तरांना "लघवीला जाऊ का" एवढं विचारायलाही घाबरायचास. चड्ड्या मीच धुतल्यात, बाबा.

हे लिहिताना प्रीती थांबली. म्हणाली, "आजी, पत्र नको पाठवू. रविवारी बाबा आले की मीच विचारते, मला का काढताय?"

मग नाही पाठवत. उत्तर तिलाच दे. मी शेजारी बसून ऐकणार आहे.

तुझी आई,
अंजना