मुंगी फोटोत नाही

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिला आत्ताच्या आत्ता परत पाठव, एवढंच तू फोनवर ओरडत राहिलास, म्हणून लिहिते.

तुझी लेक मुंगी सुखरूप आहे. काल शाळा सुटल्यावर बसने एकटी आली. दप्तरात दोन फ्रॉक, कंगवा आणि भूगोलाचं पुस्तक. भूगोल कशाला, विचारलं, तर म्हणाली, चाचणी जवळ आली आहे. अभ्यास सोबत घेऊन पळून जाणारी आपल्या घरात ही पहिलीच. आत्ता माझ्या दुकानात मशीनपाशी बसून जुन्या कोटाची शिवण उसवते आहे. हात तुझ्यासारखा चालतो, तोंड माझ्यासारखं.

का आली, ते तिने न रडता सांगितलं. स्टुडिओच्या काचेत तू घरच्यांचा मोठा फोटो लावला आहेस. तू, वहिनी, मांडीवर बाळ. मुंगी नाही. परवा एका गिऱ्हाइकाने तो बघून विचारलं, पहिलंच मूल का. तू हो म्हणून मान हलवलीस. ती काउंटरमागे उभी होती.

आणि दादा, माझा फोन येईपर्यंत ती घरात नाही हे तुम्हाला कळलंच नव्हतं. वहिनीला वाटलं ती स्टुडिओत, तुला वाटलं ती वहिनीजवळ. असंच होईल, हे तिने निघतानाच ताडलं होतं.

मी तिला पाठवणार नाही. तिला यावंसं वाटेल तेव्हा ती येईल.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी


७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या मुलीला तू माझ्यापासूनच वाचवते आहेस, असा तुझा सूर आहे. लहानपणी मांजराची पिल्लंही अशीच दडवून ठेवायचीस.

तो फोटो मुंगीनेच काढला. म्हणून ती त्यात नाही. माझ्या कॅमेऱ्याला मी कोणाला हात लावू देत नाही. तुझ्या वहिनीने पुसायला घेतला तरी ओरडतो. तो मी मुंगीच्या हातात दिला. तिने उजेड बघून आम्हाला खिडकीकडे सरकवलं, चुटकी वाजवून बाळाला हसवलं आणि एकदाच बटण दाबलं. मला तो तितका साधला नसता. म्हणून काचेत आहे. हे तिला समजलं असेल, असं मी धरून चाललो.

गिऱ्हाईक मला आठवत नाही. पासपोर्टचे फोटो कापताना मी कशालाही मान हलवतो. एकाने फुकट देणार का विचारलं, तेव्हाही हलवली होती.

वहिनी नीट जेवत नाही. बाळ रडलं की सवयीने मुंगीला हाक मारते, मग स्वतःच उठते.

तुझ्यावर माया आहे. सध्या ती दाखवणं जड जातंय.

तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे सगळं मला कशाला लिहिलंस? फोटो मी काढला का? तिला लिही. आणि वहिनीला विचार, बाळ रडत नसतं तेव्हा मुंगीला हाक कोण मारतं.

भांडण पुढे चालू ठेवू. माया मात्र तेवढीच असू दे.

धाकटी


१३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फार खाडाखोड आहे. आत्याने वाचायला मागितलं, मी दिलं नाही.

कॅमेरा तुम्ही कोणाला देत नाही, हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, मी फोटोत नको, म्हणून तो माझ्या हातात दिलात. तेव्हाच बोलला असतात तर माझं बसभाडं वाचलं असतं. काचेतला फोटो उतरवून सगळ्यांचा नवा काढू, असं लिहिलंत. नको. फोटो चांगला आहे.

आईने खाली लिहिलंय की यापुढे काही काम नसतानाही मला हाक मारेल. ते मी दोनदा वाचलं. बाळाला मी खेळवीन, मनात आलं तर.

आत्या म्हणते, इथेच राहिलीस तरी चालेल. मला आता बटणांची काजं करता येतात. पण मला घरी यायचं आहे.

तुम्ही लिहिलंत, आत्या बसमध्ये बसवून देईल, तुला वाट माहीत आहेच. तसं नको. शनिवारी स्टुडिओ बंद ठेवा आणि आईला, बाळाला घेऊन मला न्यायला या. वाट मला पाठ आहे. तरी या.

तुमची,
मुंगी