नीरगिरणीचे चार दांडे

२ मार्च १९३१

पोचलो एकदाचा. अक्कलकोट रोडला रेल्वेतून उतरल्यावर पुढे दिवसभर छकडा. हाडे खिळखिळी झाली, पण मन मजेत आहे. मैंदर्गीच्या पलीकडे दोन कोसांवर ओढ्याकाठी ही गिरणी एकटीच उभी आहे. काळ्या दगडाची, दोन मजली, वर चुन्याचे सपाट धाबे. इथले लोक तिला नीरगिरणी म्हणतात. कानडीत नीरु म्हणजे पाणी. दारावरच्या दगडात ‘मडिवाळप्पा, शके १७९०’ असे कोरले आहे. सोलापूरचे धान्याचे व्यापारी चनबसप्पा अण्णा हे त्यांचे नातू. आजोबांची गिरणी पुन्हा पाण्यावर फिरवायची त्यांची हौस आहे. म्हणून मोजमापे, नकाशे आणि वास्तूचा थोडा इतिहास लिहून आणायला त्यांनी मला पाठवले. कचेरीत दुसऱ्यांचे नकाशे गिरवून मी कंटाळलो होतो. या नकाशाखाली ‘शिवपुत्र’ अशी माझी सही असेल. सावित्रम्माला येताना सांगून आलो आहे, पाडव्याआधी ये, आठ दिवस ओढ्याकाठी राहू. लग्नाला वर्ष झाले, पण असे निवांत राहणे जमलेलेच नाही.

४ मार्च

बांधणारा मोठा हुशार. वर बंधारा घालून ओढ्याचे पाणी पाटाने हौदात आणले आहे. हौदातून ते उतरत्या दगडी पन्हळीने खालच्या तळघरात पडते. तळघरावर कमान, आणि मधोमध जमिनीलगत आडवे चाक, बारा बाभळी पात्यांचे. चाकाचा उभा लाट, म्हणजे मधला जाड लाकडी कणा, छतातून वर येतो आणि माडीवरचा जात्याचा दगड फिरवतो. ना दाते, ना पट्टा. पाण्याने पात्याला ढकलले की वर पीठ पडते. पाट सध्या गाळाने बुजला आहे. ओढ्यातही डबकी तेवढी उरली आहेत.

गाळ काढायला मैंदर्गीचा धुळाप्पा मिळाला आहे. दणकट माणूस, सतत गुणगुणतो. त्याची बायको केराबाई दुपारी भाकरी घेऊन येते. ती माझ्यासाठीही दोन जास्त आणते.

६ मार्च

तळघरातला गाळ निघाला. दोन गोष्टींचा उलगडा होत नाही.

एक, लाटाला छातीच्या उंचीवर चार चौकोनी भोके आहेत. पाण्यावरच्या चाकाला त्यांचा उपयोग काय? दुसरी, चाकाभोवतीची फरशी गोलाकार झिजली आहे. चांगली चार बोटे खोल. पाण्याने दगड असा झिजत नाही. तेलघाण्याभोवती बैलाची वाट पडते, तशी ही आहे. पण कमान इतकी बुटकी की बैल आत शिरणार नाही.

संध्याकाळी धुळाप्पाला कोनाड्यात चार लांब दांडे सापडले. टोके चौकोनी, भोकांत नेमकी बसतील अशी. दुसरीकडची बाजू हात फिरून फिरून काचेसारखी गुळगुळीत झालेली.

८ मार्च

मायाक्का नावाची धनगराची म्हातारी रोज मेंढरे घेऊन ओढ्यात उतरते. तिला दांड्यांबद्दल विचारले. तिने आधी मेंढरे लिंबाखाली बसवली. मग म्हणाली, “म्या धा वर्साची व्हते. लई मोटा दुष्काळ. ओढा आटला, पर मालकाचं पेव जोंधळ्यानं भरल्यालं की! पानी न्हाय तर मानसं लावली चाकाला. दीस बुडस्तोवर फिरायचं, मग मूठभर पीठ.”

बाहेर भुकेल्यांची रांग असे. दांडा सोडला की जागा दुसऱ्याची, म्हणून कुणी सोडतच नसे. पडला त्याला ओलांडून बाकीचे फिरत. मायाक्काची आई दांड्यावरच गेली. “हात सुटंना तिचं. येक येक बोट मोडून सोडवलं,” म्हणाली.

जाताना तिने बजावले, ते दांडे भोकात घालू नका. मी हो म्हणालो. चनबसप्पा अण्णांना हा इतिहास कसा लिहू, तेच कळत नाही.

९ मार्च

आज एक दांडा घालून पाहिला. नकाशात कोन बरोबर यायला हवा होता, एवढेच कारण. अलगद बसला. मी नुसता तळवा टेकला तर चाक अर्धा फेरा फिरले. पन्नास वर्षे बंद असलेले चाक, इतके हलके! माडीवर दगड घरघरला. धुळाप्पाला गंमत वाटली. मलाही वाटली, खोटे का बोलू.

१० मार्च

घडले तसे क्रमाने लिहितो.

दुपारी केराबाई भाकरी घेऊन आली तर धुळाप्पा दिसेना. वर दगड फिरत होता. आम्ही खाली धावलो. चारही दांडे लावलेले. एकावर धुळाप्पा, मान खाली घालून गोल फिरतो आहे. बाकीचे तीन दांडे मोकळे, पण वाकलेले, कुणीतरी जोर लावल्यासारखे. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, तर मलाच ओढत नेले. केराबाई ओरडत होती, “अवो, सोडा की! घरी चला!” तो म्हणाला, “थांब गं, पीठ मिळंल आता.”

शेवटी तो कोसळला. तळव्यांची साले निघाली होती. चाक त्यानंतरही दोन फेरे फिरले.

वर जात्याभोवती करडे पीठ पडले होते. जात्यात दाणा नव्हता. पीठ ऊन होते.

११ मार्च

चारही दांडे उपसून कुऱ्हाडीने तोडले आणि जाळले. राख ओढ्यात टाकली.

केराबाईचा निरोप आला. धुळाप्पा भाकरीची चवड संपवतो आणि उपाशी आहे म्हणून रडतो. अंगणात गोल फिरतो.

१२ मार्च

नकाशे गेले खड्ड्यात. सकाळी सामान उचलून मैंदर्गीची वाट धरली. ऊन चढेपर्यंत चाललो. वाट सरळ आहे, पण पाय डावीकडे वळतात. कळत असून वळतात. चार तासांनी समोर भिंत आली. गिरणीची मागची भिंत.

तळघरात डोकावलो. चारही दांडे जागेवर आहेत.

१३ मार्च

मायाक्काच्या हाती सावित्रम्माला पत्र दिले, येऊ नकोस. माझे तळवे पाहून म्हातारी मागे सरकली. फोड आले आहेत. कधी आले, मला ठाऊक नाही. मी दुपारी जरा पडलो होतो, एवढेच.

१४ मार्च

मायाक्काने सांगितले, धुळाप्पा रात्री गेला. मी घातलेला तो पहिला दांडा—

केराबाईच्या वाटणीची भाकरी मी इतके दिवस खाल्ली.

आज भरदुपारी शुद्ध आली तेव्हा मी खालीच होतो. हात दांड्यावर. माझ्या पुढे कुणाची तरी पावले. मागेही. मानेवर श्वास. कुणी मला धरलेले नव्हते. मीच सोडत नव्हतो. सोडले तर जागा जाईल, असे वाटत होते—

१५ मार्च

भूक. शेरभर जोंधळे कच्चेच चावले. भूक जात नाही.

ते करडे पीठ— नाही. खाणार नाही.

लिहीत राहिलो की हात दांड्याकडे जात नाहीत. हे कळले. म्हणून लिहितो.

१६ मार्च

धोतर फाडून पाय खिडकीच्या गजाला बांधले. पक्क्या गाठी. पत्र पोचले असेल. पोचलेच असेल. सावित्रम्मा सोलापुरात आहे, माडीवर बसून जोंधळे निवडते आहे, शेजारणीशी कानडीत बोलते आहे— असे लिहिले की बरे वाटते.

खाली पाणी नाही. पावले आहेत.

१७ मार्च, दुपार

ती आली. पत्र मिळाले नाही तिला. छकडा सोडून परतसुद्धा गेला.

माझे हात पाहून रडली. गाठी सोडू लागली, मी सोडू दिल्या नाहीत. सगळे सांगितले. तिला वाटते मला ताप आहे. बाहेर लिंबाखाली बस, मायाक्का येईल, तिच्याबरोबर मैंदर्गी गाठ, खाली उतरू नकोस, अशी शपथ घातली. बरं म्हणाली. ओली चिंधी करून आणते म्हणून पाणी शोधायला गेली—

मघापासून हाका मारतो आहे. ओ नाही.

आता आवाज आला. तिचाच. जिन्याखालून. म्हणते, “अहो, इथे बायका आहेत हो चार-पाच. किती थकल्यात बिचाऱ्या. जरा हात लावते आणि आलेच.”

सावित्रम्मा, नको, वर ये, वर—

दगड हलला.

फिरतो आहे. माझे दोन्ही हात इथे कागदावर आहेत आणि दगड

गाठ सुटत नाही, बोटे— एक सुटली. सावित्रम्मा, मी येतो, हात लावू नकोस, मी आलो, तुझ्या जागी मी