ठिपका डावीकडे

सोमवार, ३ मार्च

पुन्हा सुटला! सव्वादोनला. चार किलोमीटरच्या नळीत, आरशांमध्ये कोंडलेला प्रकाश – आरसा केसभर वळला की निसटतो. मग दूर कुठे तारे आदळून गुरुत्वाची लाट आली काय, गेली काय, आम्हाला सारखंच.

आरसे सरळ ठेवायचे ते चौकडीच्या सेन्सरने. चौकडी म्हणजे आमच्या गटातला सगळ्यांत चिवट माणूस. त्याच्या सेन्सरचे चार भाग. चारींवर सारखा प्रकाश पडला तर आरसा सरळ. म्हणून हे नाव. सेन्सर म्हणतो, सगळं मधोमध. मी सकाळी आरशापुढे फुली काढलेलं कार्ड धरून बघते तर लेझरचा ठिपका फुलीच्या डावीकडे! हा लेझर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, एका डोळ्याला लावायची खास दुर्बीण लागते. वीस वर्षं तीच वापरतेय. रोज हाताने आरसा वळवून ठिपका फुलीवर आणते आणि दुपारी प्रकाश सुटतो. काही कळत नाही.

नवी वही भिकार निघाली. ओळी मधेच फुगल्यात. दुकानदाराने गंडवलं.

मंगळवार, ४ मार्च

ठिपका डावीकडे. एक वाजता सुटला.

गुरुवार, ६ मार्च

चौकडीशी वाजलं. त्याने दुर्बीण हातातून घेतली, बघितलं.

"मधोमध आहे, बाई."

"तुझं लेकरू आहे ते. तुला मधोमधच दिसणार!"

एरवी हसला असता.

साहेबांनी बोलावलं. निरीक्षणं सुरू व्हायला पंधरा दिवस उरलेत. हा सेन्सर ठेवायचा की जुना बसवायचा, सोमवारी लिहून द्या. "तुम्ही म्हणाल ते." जुना बसवला तर चौकडीची चार वर्षं पाण्यात, आणि कंत्राटही संपलं. हे माझ्या एका कागदावर! पण दिसतंय ते नाही कसं म्हणू?

सुरक्षेच्या बाई पुन्हा मागे लागल्या – लेझरवाल्यांची वर्षाची डोळेतपासणी, माझी तेवढी राहिलीय. मला आता वेळ आहे का? पुढच्या महिन्यात बघू.

रविवार, ९ मार्च

लेकीने वही बदलून आणली. हिच्याही ओळी फुगलेल्या! छापखानाच बिघडलाय की काय?

"कुठे फुगल्यात? आई, तू आता वहीशीही भांडणार?"

तिला दिसत नाही म्हणे. आजकालच्या पोरांचं लक्ष कुठे असतं!

सोमवार, १० मार्च

अहवाल दिला. "सेन्सर भरवशाचा नाही." तीन शब्द लिहायला दोन तास लागले.

संध्याकाळी चौकडी खण रिकामा करत होता. मी दारापर्यंत गेले. तोच म्हणाला, "राग नाही, बाई. तुमची नजर चुकत नाही, म्हणून तर मी या गटात आलो."

घरी येऊन जेवले नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज भलतंच. उजव्या डोळ्यात पापणीचा केस गेला, पाणी थांबेना. म्हणून दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली. ठिपका मधोमध! अगदी फुलीवर!

हात लावला नव्हता. आरसा आपणहून वळला? थोड्या वेळाने उजव्याने बघितलं – डावीकडे. डाव्याने – मधोमध. चार वेळा केलं. कार्ड बदललं, टेबल तपासलं. मग मी हलतेय की ठिपका?

दुर्बीणच बिघडलीय. दुसरं काय असणार?

बुधवार, १२ मार्च

उजवा डोळा झाकून लिहितेय. ओळी सरळ आहेत.

आधी चौकडीकडे जाते. मग साहेबांकडे, अहवाल परत मागायला.